पुस्तकात नसलेलं वाक्य

हे मी आजवर कोणापाशी काढलेलं नाही. रूपालीपाशी नाही, मंदारपाशी नाही — आणि ज्याच्यापाशी सगळ्यात आधी काढायला हवं होतं, तो माणूस आत्ता आतल्या खोलीत पंखा फुल करून पेपर वाचत बसलाय, त्याच्यापाशी तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. यात काही हिंमत नाही, एवढं मलाही कळतं.

आणि सुरुवातीला तुम्ही हसाल. हसा, मी काही म्हणणार नाही. कारण गोष्ट एका खेळातल्या नियमाची आहे. चाळिशीला टेकलेला, इन्शुरन्स कंपनीत नोकरी करणारा माणूस दर रविवारी दुपारी हॉलमधल्या टेबलावर राक्षस मांडतो आणि चारचौघांना त्यांच्याशी लढायला लावतो — यात हसण्यासारखं नाही तर काय आहे?

खेळ असा की प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. कोणी तिरंदाज, कोणी चोर. मी गेम मास्टर — म्हणजे त्यांचं जग मी चालवायचं. गावं माझी, राक्षस माझे, पुलाखालचं पाणी माझं. पात्र काय करतं ते खेळणारा सांगतो, ते जमलं की नाही ते फासा सांगतो. आणि प्रत्येक पात्राला एखादी खास ताकद असते, तिचे नियम पुस्तकात असतात. पुस्तक जाडजूड, इंग्रजी — आणि ऐन लढाईत जे नेमकं विचारावं तेवढंच त्यात नसतं! मग सगळे माझ्याकडे बघतात. आमची रीत अशी, की अडलं तर मास्टरनं तिथल्या तिथे काय ते सांगून टाकायचं, खेळ थांबवायचा नाही, आणि एकदा सांगितलं की पुढे सगळ्यांना तेच लागू. ही रीत मीच घातली होती, बरं का. मोठ्या ऐटीत.

आता बाबांबद्दल सांगतो.

बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. सगळी नोकरी पाळ्यांची. माझं लहानपण म्हणजे “हळू बोल, बाबा झोपले आहेत” — बस. ते रिटायर झाले, मग आई गेली, आणि मग ते कॉलनीतलं सगळं आवरून माझ्या मानेवाड्याच्या फ्लॅटवर राहायला आले. माझं लग्न झालेलं नाही. दोन पुरुष, एक गॅस, एक टीव्ही. बोलायचं काय एकमेकांशी? भाजी कोणती आणायची, एवढंच आमचं बोलणं.

रविवारी माझी मंडळी यायची. मंदार माझा शाळेपासूनचा दोस्त, रूपाली ऑफिसातली. बाबा सुरुवातीला दार लोटून आत बसायचे. मग एकदा सगळ्यांसाठी तर्री-पोहे घेऊन आले आणि तिथेच रेंगाळले. “हे काय करून राहिले गा तुम्ही? पत्ते नाही, पट नाही, नुसत्या गोष्टी सांगून राहिले.” रूपाली म्हणाली, काका बसा ना, आम्हाला एक माणूस कमीच पडतो. आणि बसले. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला — म्हटलं, झालं, आज काही खेळ होत नाही!

खेळ झाला. झाला म्हणजे काय, असा कधी झालाच नव्हता. आमच्या पात्रांची नावं जीभ अडखळेल अशी, आणि बाबांनी आपल्याचं ठेवलं गणपत ढालकर. ढाल घेऊन पुढे उभा राहणारा गडी. पहिल्याच दिवशी किल्ल्याच्या दारावर मी दोन पहारेकरी उभे केले होते, मस्त लढाई आखली होती. गणपत ढालकर सरळ त्यांच्यापाशी गेला आणि विचारतो कसा — “तुमची पाळी कधी सुटते गा? रिलीव्हर येते का टायमावर?” आता मी काय उत्तर देणार? बदलीचा माणूस वेळेवर येत नाही, असं म्हणून गेलो. झालं! अर्ध्या तासात दोन्ही पहारेकरी गणपतच्या गळ्यात पडून रडत होते आणि हे लोक दार उघडून आत. मंदार खुर्चीवरून पडायचा बाकी होता. मीही हसलो. खरंच हसलो तेव्हा. आम्ही आधी फाशाला डाइस म्हणायचो, बाबा फासा म्हणायचे, मग सगळेच फासा म्हणू लागले. इतके ते आमच्यातले झाले.

तर गणपतची खास ताकद होती — आड येणे. शेजारच्या सोबत्यावर वार झाला, तर ढालवाला मध्ये येऊन तो वार स्वतःवर घेऊ शकतो. प्रत्येक लढाईत एकदाच. सोपं वाटतं ना? पण कधी सांगायचं, मी आड येतो म्हणून? फासा पडायच्या आधी? की फासा पडला, वार किती मोठा आहे ते दिसलं, आणि मग? पुस्तक गप्प. मी ते पान उलटंपालटं करून वाचलंय. काही लिहिलेलं नाही.

हा प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा रूपाली नव्हती, माहेरी भिवापूरला गेली होती. मी, बाबा, मंदार, एवढेच. लाकडी पुलावर लढाई. मंदारच्या चोरावर मी बाण सोडला, फासा टाकला, पडला असा की चोर गेलाच. आणि बाबा ओरडले, थांब थांब, गणपत आड येतो! मी पान काढलं, बघितलं, विचार केला आणि म्हटलं — चालेल. फासा पडल्यावरही चालेल. बाबांची एक सवय होती, कंट्रोल रूमची. तिथे कोणी काही सांगितलं की ऐकणारा ते परत म्हणून दाखवतो, म्हणजे गडबड नको. तसे ते म्हणाले, “फासा पडल्यावर सांगितलं तरी चालते. पक्कं?” मी म्हटलं, पक्कं.

हे मला अगदी लख्ख आठवतं. त्यांचा चष्मा नाकावर घसरला होता, तेही आठवतं. हे लक्षात असू द्या.

मग पुढे काय बिनसलं? काही नाही हो. मजा येत होती, हेच बिनसलं. मी आठवडाभर बसून भुयारं काढायचो, राजवंश रचायचो, आणि रविवारी सगळे माना वळवून बघायचे बाबांकडे — आता काका काय करतात! मी काही वर्णन करायला लागलो की मंदारचा हात मोबाईलकडे. बाबा बोलले की मोबाईल उलटा. एकदा तो बोलूनही गेला, हसत हसतच — “काका आल्यापासून खरी मजा येऊन राहिली, नाही तर मास्टरच्या गोष्टीत आपण फक्त फासे टाकाचे.” सगळे हसले. बाबाही हसले. माझ्या पाठीवर थाप मारली त्यांनी. आणि मला ती थाप... काय सांगू? लहानपणी ज्या थापेसाठी मी प्रगतिपुस्तक घेऊन दाराशी उभा राहायचो ना, तीच थाप होती ती. आणि मला तिचा राग आला. हे लोक याच्यावर जीव टाकतात, आणि हा माणूस लहानपणी माझ्यासाठी कधी झोपेतून जागा सुद्धा नव्हता — असलं काहीतरी डोक्यात. म्हणजे सरळ म्हणायचं तर जळलो. स्वतःच्या बापावर जळलो.

त्या रविवारी मोठी लढाई होती. कोळशाच्या खाणीत राहणारा एक राक्षस मी कधीपासून पोसत आणला होता. या लढाईत कोणीतरी मरायला हवं, त्याशिवाय वजन येत नाही, असं माझं ठरलेलं होतं. राक्षसानं रूपालीच्या तिरंदाजावर घाव घातला. रूपालीचं ते पात्र माझ्या टेबलावरचं सगळ्यात जुनं, तिचा फार जीव त्याच्यावर. मी फासा टाकला. पडला. तिरंदाज संपली. रूपालीनं तोंडावर हात ठेवला.

आणि बाबा उठून उभे राहिले. खरोखर खुर्ची मागे सरकवून उभे! हात आडवा धरला, जणू समोर खरंच कोणी होतं, आणि म्हणाले — “गणपत आड येतो.” मंदारनं टेबलावर मूठ आपटली. रूपाली ओरडली, काका! सगळा हॉल त्यांचा झाला.

मी म्हटलं, एक मिनिट.

माझ्यासमोर पुठ्ठ्याचा एक पडदा असतो, मास्टरचे कागद इतरांना दिसू नयेत म्हणून. त्याच्यामागे मी पुस्तक उघडलं. तेच पान काढलं. आणि मोठ्यानं, इंग्रजीत, अगदी शांत आवाजात एक वाक्य वाचलं — की ही ताकद वापरायची असेल तर फासा टाकण्यापूर्वी सांगितलं पाहिजे, नंतर चालणार नाही.

ते वाक्य त्या पानावर नव्हतं. कुठल्याच पानावर नव्हतं. मी ते बसल्या जागी रचलं.

का? “मी मास्टर आहे, आज मी नाही म्हणतो” — एवढं बोलायचा मला हक्क होता. मास्टर असतोच त्यासाठी. रीत माझीच होती, मी मोडली असती. मंदारनं दोन शिव्या घातल्या असत्या, रूपाली रुसली असती, आणि चहा होईपर्यंत सगळं विसरलं असतं. पण मग ते माझं ठरलं असतं ना! नाही म्हणायचं मला होतं, आणि वाईट व्हायचं पुस्तकानं. इतका भित्रा माणूस मी.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलायला तोंड उघडलं — आणि मिटलं. ते का मिटलं, ते मला माहीत आहे. त्यांच्या कंट्रोल रूमचा कायदा होता, पॅनेलवर जो बसला त्याचं ऐकायचं, वाद घालायचा तो पाळी सुटल्यावर. टेबलाच्या पॅनेलवर मी होतो. ते खाली बसले, आणि रूपालीला म्हणाले, “माफ कर वं बाई. मले आधी सांगाले पाह्यजे होतं.” तिचे डोळे भरले होते, पण ती म्हणाली, काका, खेळ आहे हो. माफी त्यांनी मागितली. मी फासे गोळा करत होतो.

इथवर तुम्ही म्हणाल, एवढंच? रडीचा डाव खेळला, कोण खेळत नाही? मीही स्वतःला असंच सांगायचो. पण मी अजून मुद्द्यावर आलेलोच नाही. कडेकडेनं फिरतोय, कळतंय ना?

मंडळी गेली. मी स्वयंपाकघरात कप विसळत होतो. बाबा आत आले. पाळी सुटली होती. आवाज बारीक, भांडणाचा अजिबात नाही — “विनू, त्या पुलावर तू हो म्हटलं होतं ना? मंदारच्या वेळी. फासा पडल्यावर?”

आता हे विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं, ते समजायला तुम्हाला आमचे मोठे काका माहीत हवेत. बाबांचे थोरले भाऊ. नरखेडकडे संत्र्याची बाग. शेवटच्या दिवसांत ते आपल्याच बागेत उभे राहून विचारायचे, ही झाडं कोणाची? बायकोला म्हणायचे, बाई तुम्ही कोणाकडे आल्या? बाबा सुट्टीच्या दिवशी एसटीनं जायचे, त्यांना आंघोळ घालायचे, भरवायचे. आणि काका त्यांनाच सांगायचे, माझा लहान भाऊ खापरखेड्याला असते, तो काही येत नाही. एकदा तिथून परत आल्यावर बाबा पायरीवर बसले आणि मला म्हणाले, मरण चालेल विनू, हे नको. तेवढं एकच वाक्य. माझ्या बापाला आयुष्यात दुसऱ्या कशाचीही भीती वाटलेली मी बघितलेली नाही.

तर हे मला माहीत होतं. कप हातात होता तेव्हा हे आठवलं का? आठवलं. खोटं कशाला बोलू आता. काका बागेत उभे असलेले दिसले सुद्धा.

आणि मी म्हटलं — “नाही बाबा. तेव्हा तुम्ही फासा पडायच्या आधीच सांगितलं होतं. तुमच्या लक्षात नाही.”

ते म्हणाले, “असं? मले तर पक्कं आठवते...” मी म्हटलं, नाही हो. नळ सोडला. त्यांनी ओट्यावरचं फडकं उचललं, घडी घातली, परत ठेवलं, आणि खोलीत गेले.

पुढच्या रविवारी त्यांनी मंदारला हळूच विचारलं. मंदारचं डोकं ते! “काय माहीत काका, मले सकाळी काय खाल्लं ते नाही आठवत,” म्हणून तो हसला. वाचलेला चोर त्याचाच होता. बाबा हसले नाहीत. तो त्यांचा शेवटचा रविवार. “तुम्ही खेळा रे, मले नाही जमत आता,” म्हणाले. सगळ्यांनी किती आग्रह केला! मीही केला. बघा, मीही केला.

मग एकेक सुटत गेलं. आधी अ‍ॅक्टिव्हाची चावी माझ्याकडे दिली — रस्ता चुकलो तर? मग बँकेत एकटं जाणं बंद. बाहेर पडताना कुलूप ओढून बघायचे, जिना उतरायचे, परत चढून ओढून बघायचे. फोनवर जुन्या दोस्तांशी बोलताना पूर्वी किस्से रंगवायचे, आता म्हणायचे, असं काही झालं होतं बहुतेक, तूच सांग. ते विसरत काहीच नव्हते हो! भाजीवाल्याकडून वर फुकट घ्यायची मिरची सुद्धा विसरत नव्हते. फक्त आपल्याला आठवतंय त्यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता.

मला दिसत होतं. रोज दिसत होतं. मी काय केलं? बदाम आणले! स्मरणशक्तीला चांगले म्हणून. भिजवून, सोलून, रोज सकाळी वाटीत. लाज वाटते सांगताना.

शेवटी धंतोलीत एका डॉक्टरांकडे नेलं. चांगले होते, घाईत नव्हते. चित्रं दाखवली, आकडे उलटे म्हणायला लावले, गोष्ट सांगून परत विचारली. सगळं ठीक. वयाच्या मानानं उत्तमच म्हणाले. बाबांचं समाधान होईना. डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला पहिल्यांदा कधी जाणवलं? काही ठराविक प्रसंग?

आणि बाबांनी पुलाची गोष्ट सांगितली.

सगळी सांगितली. गणपत ढालकर कोण, ढाल म्हणजे काय, फासा म्हणजे काय. जरा लाजत, कारण डॉक्टरांना हे पोरखेळ वाटेल. म्हणाले, मले अजूनही अगदी डोळ्यासमोर दिसते साहेब, पोरगा हो म्हणाला, मी परत म्हणून दाखवलं, तो पक्कं म्हणाला. आणि ते झालंच नव्हतं. जे झालं नाही ते इतकं साफ दिसते म्हणजे काय समजाचं? माह्या भावाचं असंच सुरू झालं होतं.

मी शेजारच्या खुर्चीवर होतो. आमच्या दोघांच्या मध्ये त्यांची पाण्याची बाटली होती. डॉक्टर माझ्याकडे वळले — यांच्या आठवणीत खरंच चूक झाली होती का?

एक शब्द. त्या खोलीत माझ्याकडून एकच शब्द हवा होता, आणि माझा बाप माझ्यादेखत बरा झाला असता. मला ते कळत होतं. कोणी चिडलं नव्हतं तेव्हा, कोणी जळत नव्हतं, हरण्यासारखं काही नव्हतं. राग सुद्धा नव्हता माझ्याकडे, त्याच्यावर ढकलायला.

मी मान हलवली. हो म्हणून. म्हणजे — बाबांचं चुकतंय, म्हणून.

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं आणि सहा महिन्यांनी परत दाखवायला सांगितलं. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, तू सोबत होता म्हणून बरं झालं, माह्या एकट्याच्यानं सांगणं झालं नसतं.

त्यालाही आता बरेच दिवस झाले. रविवारचा खेळ चालू आहे. रूपालीनं नवं पात्र घेतलं. आम्ही जमलो की बाबा चप्पल घालून खाली बाकावर जाऊन बसतात. सांगायला हवं होतं, असं मी रोज म्हणतो, आणि रोज माझ्याकडे काहीतरी कारण असतं. ती कारणं इथे लिहीत नाही. ऐकण्यासारखं एकही नाही.

मागच्या आठवड्यात मी त्यांना चहा द्यायला गेलो. ते कॉटवर बसले होते, पेपर मांडीवर, पण वाचत नव्हते. म्हणाले, “विनू, एक विचारू का? तुझी आई दवाखान्यात होती ना. शेवटच्या दिवशी. तिनं मले नावानं हाक मारली होती का रे? का मलेच उगाच असं वाटते?”

मी तिथे होतो. आईनं उभ्या जन्मात त्यांना नावानं हाक मारली नव्हती, त्या दिवशी मारली. मी ऐकली होती. बाबा तिच्या उशाशी वाकले होते आणि हुं म्हणाले होते.

मी म्हटलं, हो बाबा. मारली होती.

“मारली होती ना?” ते म्हणाले. “बरं झालं तुले विचारलं.” आणि त्यांनी चहा घेतला.

मी नाही म्हटलं असतं, तर त्यांनी माझं ‘नाही’ही तसंच खरं धरलं असतं.